थंड व कोरड्या जागी ठेवावे

२ फेब्रुवारी, संध्याकाळी ७

शस्त्र घरी आलं.

खोकं तीनदा उघडून बंद केलं, पण ते आनंदाने. (तपासून पाहिलं. आनंदानेच.)

स्टार्टिंग पिस्तूल आहे. शर्यत सुरू करताना उडवतात ते. काळं, जड, मुठीवर खाचा. त्यातून गोळी सुटत नाही, फक्त बार होतो. पण सोबतच्या माहितीपत्रकात त्याला तीन ठिकाणी 'शस्त्र' म्हटलंय, आणि मी शाळेचा ग्रंथपाल असल्यामुळे छापील शब्दाचा मान ठेवतो. वहीत नोंद केली: शस्त्र क्र. १.

बायको म्हणाली, टिकल्यांची बंदूक आणलीत होय. म्हटलं, टिकल्या नव्हेत, कॅप्स. तिने डबी उघडून पाहिली आणि म्हणाली, टिकल्याच आहेत, जरा जाड्या.

अकरा वर्षं मी शाळेच्या स्पर्धांचा स्टार्टर आहे आणि अकरा वर्षं हातात क्लॅपर. म्हणजे बिजागरीने जोडलेल्या दोन फळ्या, एकमेकींवर आपटायच्या. गेल्या वर्षी मी त्या आपटल्यावर पीटी सर माइकवरून म्हणाले, ग्रंथपाल सर धुवायला बसलेत, कोणाचे मळके कपडे असतील तर आणून द्या. सगळं मैदान हसलं. मीही हसलो. त्या प्रसंगाचा आणि या खरेदीचा काही संबंध नाही.

खरेदी लेकीसाठी आहे. २१ तारखेला तिची शंभर मीटरची शर्यत. साडेतेरा सेकंदांच्या आत आली तर उन्हाळी प्रशिक्षण शिबिरात निवड. पुढच्या वर्षी ती वयात बसत नाही, म्हणजे ही शेवटची संधी. सध्या तिला १३.७ लागतात. पीटी सर म्हणतात, पोरगी पळते झकास, पण उठते उशिरा. मोठ्या स्पर्धांत पिस्तूलच असतं. तेव्हा पहिला बार तिने बापाच्या हातचा ऐकलेला बरा.

हे मी तिच्यासाठीच करतोय ना, असं स्वतःला विचारलं. हो. पुन्हा विचारलं. हो, बहुतांशी.

कॅप्सच्या डबीवर सूचना आहे: 'थंड व कोरड्या जागी ठेवावे.' घरातली सर्वांत थंड जागा फ्रीज. भाजीच्या खणात काकड्यांखाली डबी ठेवली. बायको औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे, त्यामुळे तिला प्रत्येक डबीबद्दल मत असतं. ती काही म्हणणार एवढ्यात मी सांगितलं की औषधं आणि स्फोटकं ही दोन वेगळी शास्त्रं आहेत. ती म्हणाली, बरं.

३ फेब्रुवारी, सकाळी ६.४०

गच्चीवर चाचणी. पहिला बार.

झाला नाही.

नुसतं 'टक'. माहितीपत्रकानुसार अशा वेळी शस्त्र सुरक्षित दिशेला धरून तीस सेकंद थांबायचं, कारण बार उशिरा होऊ शकतो. उत्तरेला पाण्याची टाकी, दक्षिणेला शेजारच्या काकूंची चादर, पूर्वेला खुद्द काकू. आकाश निवडलं. हात वर करून थांबलो. काकूंनी विचारलं, काय हो, पाऊस बघताय का? हात आणखी ताठ केला. अशा वेळी एकाग्रता हवी.

एकूण सात वेळा दाबलं. सात वेळा 'टक'. सातव्या वेळी नळीत डोकावलो.

३ फेब्रुवारी, सकाळी ९

नळीत डोकावायचं नव्हतं. माहितीपत्रकाच्या मागच्या पानावर आहे. मागचं पान आत्ता वाचलं. ज्या माणसाने शाळेतल्या प्रत्येक पुस्तकाचं मागचं पान तपासलंय त्याच्या हातून हे व्हावं! आज दिवसभर स्वतःशी बोलणार नाही.

४ फेब्रुवारी

चूक झाली की तिचा नियम करावा, म्हणजे चूक वाया जात नाही. 'नवीन शस्त्र नादुरुस्त झाल्यास करावयाची कार्यपद्धती' तयार केली. सात कलमं. महत्त्वाची अशी:

कलम १. हात वर. हात वरच.

कलम २. साठ सेकंद थांबावे. (पत्रकात तीस आहेत. सुरक्षिततेत काटकसर नको.)

कलम ४. या काळात स्टार्टर, धावपटू, पंच, पालक यांपैकी कोणीही हलू नये.

कलम ५. स्टार्टरने बोलू नये.

कलम ६. नळीत डोकावू नये.

टाइप करून फ्रीजच्या दारावर चुंबकाने लावली, म्हणजे कॅप्स काढताना आपोआप नजरेखाली जाईल. लेकीने उभ्याउभ्या वाचली आणि विचारलं, बाबा, कलम सातमध्ये 'वरील सर्व कलमे पुन्हा करावीत' असं आहे, मग हे संपतं कधी? चांगला प्रश्न आहे. विचार करतो म्हटलं.

५ फेब्रुवारी

दुकानदाराकडे तक्रार नेली, लेखी, दोन प्रतींत. त्याने प्रत न वाचता पिस्तूल घेतलं, स्वतःच्या गल्ल्याशेजारच्या बरणीतली एक कॅप घातली आणि दुकानातच उडवलं.

बार झाला. मी खाली बसलो. (योग्य प्रतिक्रिया.)

दुकानदार म्हणाला, वस्तूत खोट नाही साहेब, टिकल्या तुम्ही कुठे ठेवता? सांगितलं, सूचनेप्रमाणे. म्हणाला, मग झालं तर.

परतताना विचार केला. दुकानात चालतं, घरी चालत नाही. याचा अर्थ शस्त्र अजून जुन्या मालकाच्या हाताला सरावलेलं आहे. नव्या चपलेचंही असंच असतं. रोज अर्धा तास नुसतं हातात धरून बसायचं ठरवलं.

६ फेब्रुवारी

शस्त्र हातात धरून बसलो होतो. लेक समोर येऊन बसली आणि म्हणाली, बाबा, एक मागू? माझ्या रेसला क्लॅपर घ्या ना. बाकीच्या रेसना काय तोफा उडवायच्या त्या उडवा. माझं शेवटचं वर्ष आहे.

तिला समजावलं की मोठ्या स्पर्धांत क्लॅपर नसतो. ती म्हणाली, मोठ्या स्पर्धांत जायला ही छोटी आधी व्हायला हवी ना.

मुलीच्या बोलण्यात तथ्य होतं. विचार करतो म्हटलं. रात्रीच्या जेवणापर्यंत खरोखर केला. मग लक्षात आलं की ती घाबरते आहे, आणि भीतीपुढे मान तुकवणं हे बापाचं काम नव्हे.

९ फेब्रुवारी

मुख्याध्यापिका बाईंना लेखी कळवलं की शंभर मीटरमधली एक स्पर्धक माझी मुलगी असल्यामुळे स्टार्टर म्हणून माझ्यावर पक्षपाताचा संशय येऊ शकतो. बाई म्हणाल्या, अहो सर, ती तुमची मुलगी आहे हे शाळेच्या मांजरालासुद्धा माहीत आहे. म्हटलं, तरी नोंद असावी. बाईंनी सही केली. मग विचारलं, ते पिस्तूल वाजतं ना?

सध्या परिचयाच्या टप्प्यात आहे, असं उत्तर दिलं. यात खोटं काही नाही.

१० फेब्रुवारी, सकाळ

कॅप्सच्या डबीत एक चिमुकलं पांढरं पाकीट सापडलं. बायकोने तिच्या दुकानातून आणून टाकलेलं दिसतं. आत साबुदाण्यासारखे खडे, वर लिहिलेलं: 'खाऊ नका.' डबीत खाण्याचं काहीच नसताना ही सूचना कशाला? घरात कोणी गैरसमजाने खाल्लं तर? काढून कचऱ्यात टाकलं.

चाचणी. पाच वेळा दाबलं, चार वेळा 'टक'. तिसऱ्या वेळी 'फुस्' झालं. प्रगती.

१२ फेब्रुवारी

आजपासून लेकीचा सराव शस्त्रासह. शाळेच्या मैदानावर सकाळी साडेसहाला. 'ऑन युअर मार्क्स' म्हटलं, ती बसली. 'सेट' म्हटलं, ती कंबर उचलून थांबली. दाबलं.

टक.

ती उठायला लागली. कलम चारची आठवण करून द्यायची होती, पण कलम पाच. डोळ्यांनी खुणावलं. ती पुन्हा कंबर उचलून थांबली. साठ सेकंद. मग कलम सात. पुन्हा साठ. असे सहा स्टार्ट केले, म्हणजे केले नाहीत. लेक शेवटी गवतावर उताणी पडली आणि आकाशाकडे बघत म्हणाली, बाबा, मी आज एक पाऊलसुद्धा पळले नाहीये आणि माझ्या मांड्या गेल्यात.

पाया पक्का होतोय.

१३ फेब्रुवारी

कारण सापडलं! भाजीचा खण हा फ्रीजमधला सर्वांत कमी थंड भाग आहे. फ्रीजच्याच माहितीपत्रकात लिहिलंय. (मागच्या पानावर.) एवढे दिवस मी कॅप्स पुरेशा थंड ठेवतच नव्हतो. डबी फ्रीझरमध्ये हलवली, बर्फाच्या ट्रेखाली.

बायकोने फ्रीझर उघडला, डबीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, अहो, त्या सूचनेत दोन शब्द आहेत. म्हटलं, हो, आणि मी पहिल्यापासून सुरुवात केली आहे.

१५ फेब्रुवारी, रविवार

आजचा दिवस लाल शाईने लिहायला हवा होता. घरात लाल पेन नाही.

सकाळी बायकोने फ्रीज बंद करून बर्फ वितळवायला काढला. आतलं सगळं खिडकीत उन्हात मांडलं: बाटल्या, ट्रे, माझी डबीसुद्धा. मी चिडलो. सूचनेचा सरळ भंग! दुपारी तीनपर्यंत डबी उन्हात होती. हात लावला तर गरम. आता या कॅप्स वाया गेल्या, निदान मोजून बाद तरी करू, म्हणून गच्चीवर नेल्या.

बार.

बार.

बार!

तिसऱ्याला काकूंच्या हातातली बादली पडली. मी खाली आलो ते पायऱ्या न मोजता. बायकोला सांगितलं, शस्त्राला वळण लागलं! रोजचा अर्धा तास फळाला आला. ती म्हणाली, अहो, ऊन लागलं त्यांना. म्हटलं, उन्हात वाया जायच्या आत मी त्या वाचवल्या, हेही आहेच. उरलेल्या ताबडतोब फ्रीझरमध्ये परत ठेवल्या. आता त्यांना जपायला हवं.

ती ओट्याला टेकली. मग म्हणाली, माझ्याकडे रोज माणसं येतात, चिठ्ठीवर 'जेवणानंतर' लिहिलेलं असतं आणि ती जेवणाआधी गोळी घेतात. त्यांना मी दोनदा सांगते. तिसऱ्यांदा नाही सांगत.

तिच्या कामाचा ताण वाढलेला दिसतो.

१८ फेब्रुवारी

पीटी सर ग्रंथालयात आले. पुस्तक मागायला नव्हे. म्हणाले, सर, शनिवारी शिपाई मामांना क्लॅपर घेऊन तुमच्या मागे उभं करतो, आपलं असू द्या, अडीनडीला. मी शांतपणे विचारलं, विमानात पायलटच्या मागे कोणी सुकाणू घेऊन उभं असतं का? ते म्हणाले, असतो की, को-पायलट.

ते गेल्यावर अर्ध्या तासाने उत्तर सुचलं, पण तेव्हा तास सुरू झाला होता.

मैदानावर दोन आवाजांची साधनं असणं धोक्याचं आहे. धावपटूंचा गोंधळ होईल. क्लॅपर ग्रंथालयाच्या कपाटात ठेवला, कुलूप लावलं, किल्ली स्वतःकडे. कोणाला हवाच असेल तर रीतसर कार्ड भरून मिळेल.

२० फेब्रुवारी

उद्याची तयारी:

१. शंभर मीटर मुली ही शर्यत पहिली ठेवायला बाईंना राजी केलं. शस्त्र ताजं असताना लेकीचं काम व्हावं.

२. कॅप्स नेण्यासाठी रुंद तोंडाचा थर्मास. तळाशी बर्फ. घर ते मैदान वीस मिनिटं, त्यात थंडावा तुटता कामा नये.

३. टोपी.

लेक पुन्हा म्हणाली, बाबा, क्लॅपर? म्हटलं, विश्वास ठेव. ती म्हणाली, तुमच्यावर आहे. मग म्हणाली, टिकल्यांवर नाही.

तिच्या पायांचा आवाज मला ओळखू येतो. आठवीत होती तेव्हापासून जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरते: टाप, टाप, मग शेवटी तीन एकदम. उद्या तोच आवाज माझ्या बारातून सुटणार. अकरा वर्षं दुसऱ्यांच्या मुलांना सोडलं. उद्या माझी.

२१ फेब्रुवारी, सकाळी ८.०५

मैदान. ऊन चांगलं आहे. थर्मास थंड. टोपी घरी राहिली, पण ती तिसऱ्या क्रमांकाची होती.

२१ फेब्रुवारी, दुपारी ४

डाव्या हाताने लिहितो आहे. अक्षराबद्दल क्षमस्व. (कोणाची मागतोय?)

घडलं ते क्रमाने लिहायला हवं.

आठ मुली, लेक चौथ्या लेनमध्ये. थर्मासमधून कॅप काढली. छान गार होती, वर दव आल्यासारखं दिसत होतं. हात वर. 'ऑन युअर मार्क्स.' 'सेट.' आठ कंबरा वर. मैदान चिडीचूप. दाबलं.

टक.

कलम १. कलम २. मोजायला लागलो.

बाराव्या सेकंदाला सातव्या लेनमधली गुडघ्यावर आली. विसाव्याला दुसऱ्या लेनमधलीने जमिनीकडे बघतच विचारलं, सर, उठू का? कलम पाचमुळे बोलता येईना. तिसाव्याला तिसऱ्या आणि पाचव्या लेनमधल्या एकदमच आडव्या झाल्या. चाळिसाव्याला फक्त एक कंबर वर होती. चौथी लेन. हूं की चूं नाही. दहा दिवसांचा सराव.

साठ झाले. कॅप बदलली. सगळ्यांना परत बसवलं. टक.

अंतिम रेषेवरून पीटी सर निशाण काखेत मारून धावत आले. म्हणाले, सर, पोरींचे पाय गेले, खाली घ्या ते. मी डोळ्यांनी सांगितलं की सत्तेचाळीस झाले आहेत, तेरा उरले. मुख्याध्यापिका बाईही आल्या. म्हणाल्या, डोळे काय वटारताय, बोला काहीतरी! पालकांमधून कोणीतरी ओरडलं, पुतळा कधी बसवला?

तिसरी कॅप. टक. आता मुली उभ्या राहून पाय झटकत होत्या. बाई म्हणाल्या, मामा, क्लॅपर आणा. मामा म्हणाले, कपाटाला कुलूप आहे, किल्ली सरांकडे. सगळे माझ्याकडे बघायला लागले. किल्ली उजव्या खिशात होती आणि उजवा हात वर. मामा जवळ आले, हळूच म्हणाले, माफ करा हं सर, आणि माझ्या खिशात हात घातला. आधी रुमाल निघाला, मग पेन, मग कार्यपद्धतीची घडी, मग किल्ली.

मामांना परत यायला सहा मिनिटं लागली. पीटी सरांनी विचारलं, एवढा वेळ? मामा म्हणाले, कार्ड भरत होतो. एवढ्या सगळ्या गोंधळात तेवढं एक वाक्य मला बरं वाटलं.

या सहा मिनिटांत मी कलम सात पाळत होतो. दर साठ सेकंदांनी नवी कॅप. हात खाली घेणं मला शक्य नव्हतं असं नाही. पण एकदा नियम पाळायला घेतला की मधेच सोडायचा तरी कुठे? पीटी सर म्हणाले, यांच्याकडे बघून मुलींना हसू येतंय. मग त्यांनी मला दोन्ही खांद्यांना धरलं आणि जागच्या जागी, कपाट सरकवावं तसं, भिंतीकडे तोंड करून फिरवलं. मी विरोध केला नाही. भिंत ही सुरक्षित दिशाच आहे.

टक. नवव्या वेळी. मोजायला लागलो.

मागून मामांचा आवाज आला: चला पोरींनो, जागेवर. सदतीस मोजून झाले होते. मामांचं 'सावध'. मग फळ्यांचा आवाज. धुणं आपटल्यासारखाच असतो तो, हे मान्य करायला हवं. मग पावलं. आठ जणींची सोळा पावलं होती, पण त्यात टाप, टाप मला वेगळं ऐकू आलं. सर्वांत आधी उठलेलं. मग दूर जाणारं.

मामांनी तोंड उघडलं तेव्हा माझे तेवीस सेकंद उरले होते. शंभर मीटरला साडेतेरा लागतात. हिशेब सोपा होता.

वळलो नाही.

साठ झाल्यावर वळलो तेव्हा मुली पलीकडच्या टोकाला कंबरेवर हात ठेवून धापा टाकत होत्या आणि पीटी सर माझ्या लेकीच्या पाठीवर थाप मारत होते. १३.३.

वळलो असतो तर दिसलं असतं का, असं स्वतःला विचारलं. हो. पुन्हा विचारलं नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

शिबिराचा फॉर्म भरला. पालकाची सही डाव्या हाताने. बायको म्हणाली, बँकेने परत पाठवली असती, शिबिरवाले चालवून घेतील.

लेकीला विचारलं, एवढी लवकर कशी उठलीस? ती म्हणाली, बाबा, तुमच्याबरोबर सेटमध्ये तासन्‌तास काढलेत मी. मामांनी 'सावध' म्हटलं आणि लगेच आवाज झाला, तर मला सुट्टी मिळाल्यासारखं वाटलं. सुटलेच.

म्हणजे कार्यपद्धतीचा उपयोग झाला. हे वाक्य लिहून त्याकडे पाच मिनिटं बघत बसलो. खोडलं नाही, पण अधोरेखितही केलं नाही.

मग ती म्हणाली, तुम्ही भिंतीकडे का बघत होता हो? मी शेवटाला पोचून मागे वळून बघितलं, तर तुमची नुसती पाठ आणि तो हात. मला वाटलं, रागावलात.

म्हटलं, मोजत होतो. ती म्हणाली, माझा टाइम? म्हटलं, हो.

या वहीत खोटं लिहायचं नाही असं ठरलेलं आहे. बोलण्याबद्दल तसं काही ठरलेलं नाही.

२३ फेब्रुवारी

बायकोने थर्मास धुवायला काढला. उरलेल्या कॅप्स खिडकीत वाळत घातल्या, जुन्या वर्तमानपत्रावर, एकमेकींपासून अंतर ठेवून. दुपारी लेकीने त्या गच्चीवर नेऊन उडवल्या. नऊपैकी नऊ. काकूंनी यावेळी बादली घट्ट धरून ठेवली होती.

बायको पायरीवर उभी होती. तिसऱ्यांदा सांगणार नाही असं म्हणाली होती ना, ते पाळलं तिने. नुसती माझ्याकडे बघत राहिली.

शस्त्र आता लेकीच्या हाताला सरावलंय. तिलाच देऊन टाकलं. वहीतली नोंद बदलली.

कार्यपद्धती फ्रीजवरून काढली. त्या जागी चौकोनी स्वच्छ डाग राहिलाय.

२४ फेब्रुवारी

डॉक्टर म्हणाले, खांदा धरलाय, महिनाभर हात वर नेऊ नका. काय उचललं होतं एवढं? सांगितलं, पिस्तूल. त्यांनी चष्मा वर केला. पुढे सांगितल्यावर खाली घेतला.

२५ फेब्रुवारी, सकाळी ६

लेकीने काल विचारलं, शिबिराला जाईपर्यंत रोज स्टार्ट द्याल का? गच्चीवर, फक्त दहा. मी म्हटलं, क्लॅपर आणतो. मग आठवलं की त्याला दोन हात लागतात. नुसती टाळी, तिलाही दोन. ती म्हणाली, बाबा, काहीच नको. तोंडाने म्हणा ना. नुसतं 'जा' म्हणा. आणि माझ्याकडे बघत म्हणा.

एका शब्दाचं काम आहे. बिघडण्यासारखं त्यात काही नाही. आज साडेसहाला पहिला स्टार्ट. खालून तिच्या बुटांच्या नाड्या आवळल्याचा आवाज येतोय. तोवर आरशासमोर एकदा म्हणून पाहिलं.

आवाज फुटला नाही.

हललो नाही. साठ सेकंद थांबलो.